पाटाखालची खूण

रोह्याच्या घरात दुपारी दीड ते तीन ही वेळ नूतनची. म्हणजे कुणी ती तिच्या नावावर करून दिली होती असं नाही. लेक मुक्ता झोपली की ती वेळ आपोआप पडायची, झाडाखाली आंबा पडावा तशी, आणि जो आधी उचलेल त्याची. कधी धुणं उचलायचं, कधी निवडायचे तांदूळ, कधी नुसती झोपच. त्या शुक्रवारी मात्र नूतनने ती धावत जाऊन उचलली. लॅपटॉप पलंगावर, मुक्ता मांडीशी, एक हात मुक्ताच्या पाठीवर थोपटत आणि एक हात कीबोर्डच्या किल्ल्यांवर. आठ महिन्यांत तिला एका हाताने सगळं यायला लागलं होतं.

पडद्यावर आकडा आला. चाळीसपैकी छत्तीस.

नूतनने तो दोनदा वाचला. मग खाली बारीक अक्षरात लिहिलेलं वाचलं: एक संधी शिल्लक, रविवार संध्याकाळी सहापर्यंत. चाळीसच्या चाळीस आले तरच मुलाखत.

पुण्याची कंपनी होती. घरून काम, दिवसाला चार तास. लग्नाआधी नूतन पनवेलला दोन वर्षं प्रोग्रॅम लिहायच्या कामावर होती. मग लग्न, मग मुक्ता. गेल्या चार महिन्यांत तिने दोन ठिकाणी अर्ज केले होते. दोन्हीकडून एकच प्रश्न आला, ‘मधली दोन वर्षं काय केलंत?’, आणि तिने खरं उत्तर दिल्यावर पुन्हा फोन आला नाही. आपलं डोकं गंजलं की काय, ही भीती तिने कुणाला बोलून दाखवली नव्हती. धाटावच्या कंपनीतून शिफ्ट करून येणाऱ्या नवऱ्याला, जितेशलाही नाही. तो आपला विचारायचा, “जमतंय ना?” आणि ती म्हणायची, “जमतंय.” सासूबाईंनी, अनिताबाईंनी, सरळच सांगितलं होतं, “नोकरी लागली तर दुपारची मी बघेन पोरीला. पण लागली तर. नुसत्या परीक्षा-परीक्षा खेळायला नाय हां.” त्यात वाईट काही नव्हतं. हिशोब चोख होता, एवढंच.

आणि परीक्षेतला प्रश्न तरी काय, अगदी पहिल्या वर्षाचा. प्रोग्रॅममध्ये माहिती ठेवायला डबे लागतात आणि डब्यांना नावं लागतात. स्वयंपाकघरातल्या डब्यावर तुम्ही काहीही लिहा, ‘तूर’ लिहा नाहीतर ‘मागच्या वर्षीची तूर, आधी संपवा’ असं लिहा, डबा कुरकुरत नाही. प्रोग्रॅमची भाषा कुरकुरते. तिचे नियम असतात. नावाची सुरुवात अक्षराने किंवा अंडरस्कोअरने, म्हणजे तळाच्या आडव्या रेघेने; आकड्याने नाही. पुढे अक्षरं, आकडे, अंडरस्कोअर चालतील. मध्ये मोकळी जागा चालणार नाही. आणि भाषेने स्वतःसाठी राखून ठेवलेले पस्तीसेक शब्द आहेत, त्यांना हात लावायचा नाही. कंपनी चाळीस नावं देणार. नूतनने लिहिलेल्या प्रोग्रॅमने एकेक नाव तपासून सांगायचं, चालतं की नाही. भाषेत तयार तपासनीस मिळतो, पण तो वापरायचा नाही, नियम स्वतः लिहायचे. आणि ती चाळीस नावं कोणती, हे दाखवणार नाहीत.

तिथेच मेख होती. छत्तीस बरोबर आले. चुकलेली चार कोणती, ते अंधारात.

तिने रिकामं नाव घालून पाहिलं. नुसता अंडरस्कोअर पाहिला. शेवटी चोरून बसलेली मोकळी जागा पाहिली. राखीव शब्दांची यादी बोटावर मोजत पुन्हा तपासली. सगळं ठीक होतं. जे ठीक आहे तेच चुकलंय म्हणतात, तेव्हा माणूस शेवटी स्वतःकडेच बघायला लागतो. तीनला मुक्ता उठली, आणि उठल्या उठल्या तिने किल्ल्यांवर तळहात आपटून ‘rrrrrrr’ असं एक नाव लिहिलं. नूतनच्या तपासनिसाने ते चालतं म्हणून सांगितलं.

“तुझं बरं आहे,” नूतन म्हणाली.

शनिवारी पेणला जायचं आधीच ठरलं होतं. दर श्रावणात जायची ती, आईच्या मदतीला. यंदा न जाण्याचा विचार मनात आला, पण आईचा आवाज फोनवर इतका निर्धास्त होता, “ये गो, तू येशील म्हणून पाट तसेच ठेवलेत,” की तिच्याने नाही म्हणवेना. लॅपटॉप दुपट्यांच्या पिशवीत घातला आणि नऊच्या एसटीने निघाली. नागोठणं गेलं, गडब आलं, रस्त्याच्या दोन्ही अंगांना भात पोटरीएवढा झालेला. मुक्ता खिडकीच्या गजाला तोंड लावून बसली होती. नूतनच्या डोक्यात चार नावं फिरत होती, ज्यांना चेहरा नव्हता.

शांतीबाई, नूतनची आई, पेणला महिपतीकाकांच्या गणपतीच्या कारखान्यात गेली वीस वर्षं पाटांची वही सांभाळते. पेणचे गणपती देशभर जातात ते निराळं. आजूबाजूच्या गावांतली जुनी घरं दुकानातून मूर्ती उचलत नाहीत. ती आपला पाट आणून देतात. घरचा लाकडी पाट, कुणाचा सागाचा, कुणाचा फणसाचा, आजोबांच्या वेळचा. त्याच पाटावर मूर्ती घडते आणि त्याच पाटावरून घरी जाते. श्रावण लागला की कारखान्याच्या पडवीत पाटांच्या थप्प्या लागतात, आणि लांबून बघाल तर सगळे पाट सारखे. म्हणून प्रत्येक पाटाखाली खूण. गेरू कालवायचा, काडीला कापूस गुंडाळायचा आणि पाट पालथा घालून लिहायचं. गडबचा पाट म्हणजे ग. डोलवीचा ड. खांबचा ख. आणि अक्षरापुढे त्या गावाचा अनुक्रम. ग१, ग२, ग३. वहीत त्या खुणेपुढे घरवाल्याचं नाव, मूर्ती केवढी, सोंड कुठल्या बाजूला, पितांबर कुठल्या रंगाचा.

“आली गो आली!” नूतन पडवीची पायरी चढते न चढते तोच ठमाबाईने हात पुढे केले. ठमाबाई कच्च्या मूर्ती पॉलिश पेपरने घासायच्या कामावर. सत्तरी उलटलेली, भुवया-पापण्या सगळं पांढऱ्या भुकटीने माखलेलं. “आण इकडं त्या बाहुलीला. माझ्याच रंगाची दिसतेय.”

“आजी, हात धुवा आधी.”

“धुते गो. माती हाय ती, विष नाय. तू पण ह्याच मातीत लोळून मोठी झालीस, तेव्हा कोणी हात धुतले?”

पण तिने धुतले, कोपरापर्यंत धुतले, आणि पदराला पुसून मुक्ताला मांडीवर घेतलं. मुक्ताने तिच्या पांढऱ्या भुवईला बोट लावलं आणि बोट चाखून पाहिलं.

शनिवार पाटांतच गेला. नूतन वही वाचायची, शांतीबाई लिहायची. रात्री मुक्ताला दात शिवशिवत होते, तेव्हा लॅपटॉप पिशवीतून बाहेरही आला नाही. रविवारी सकाळी महिपतीकाका स्वतः आले, पन्नास पाट वाळायला उन्हात काढायचे म्हणाले, आणि तेही झालं. दुपारचे अडीच वाजले तेव्हा मुक्ता थप्प्यांच्या आडोशाला बांधलेल्या झोळीत झोपली. ठमाबाई पायाने झोळीची दोरी हलवत होती आणि हाताने उंदीर घासत होती. नूतनने लॅपटॉप उघडला, मोबाइलचं इंटरनेट जोडलं.

“काय करतेस?” शांतीबाईने विचारलं. गेरूची वाटी तिच्या पुढ्यात होती.

“परीक्षा आहे, आई. सहापर्यंत.”

“आणि आत्ता सांगतेस? दोन दिवस पाट वाहतेस माझे?”

“सांगून काय होणार होतं?”

शांतीबाईने हातातला पाट लिहून पुरा केला, उभा करून ठेवला आणि जवळ सरकली. “काय विचारलंय?”

नूतनला आधी सांगायचा कंटाळा आला. आईला काय कळणार, असं ती मनात म्हणाली, आणि म्हटल्याबरोबर तिला स्वतःचीच लाज वाटली. तिने सांगितलं. डबे, नावं, नियम. आकडा पहिला चालत नाही, इथवर ती आली, तेव्हा शांतीबाई हसली.

“मग ही आपलीच खूण झाली की. अक्षर आधी, आकडा मागून.”

“तसंच काहीसं.”

“काहीसं नाय, तसंच. का ते ठाऊक हाय ना? मोरूने काय घोळ घातला होता?”

आत साच्यांपाशी बसलेल्या मोरूने तिथूनच आवाज दिला, “वैनी, पंधरा वर्षं झाली! आता तरी सोडा.” मोरू आता पन्नाशीचा, कारखान्याचा मुख्य कारागीर.

“सोडत नाय. ऐक गो. हा नवा नवा होता. मी तापाने झोपलेली, तर ह्याने खुणा लिहिल्या. आकडा आधी, ग मागून. आता आपल्या कारखान्यात पुढं आकडा दिसला की घडवणारा काय समजतो? इंच. बारा दिसले, त्याने पुढचं वाचलंच नाय. गडबच्या काळुरामाचा पाट. दोन फुटांचा गणपती न्यायचं त्याचं घर. हरतालिकेच्या दिवशी टेम्पो घेऊन, बेंजो घेऊन हजर. आणि बघतो तर हा एवढा पाट, आणि त्याच्यावर बारा इंचांचा बाप्पा, मैदानात उभा केल्यासारखा.”

“भांडला असेल.”

“भांडणार होता. त्याची म्हातारी सोबत होती. तिने हात जोडले आणि म्हणाली, ह्या वर्षी बाळरूपात यायचं मनात आलं त्याच्या, तुम्ही कोण नाय म्हणणार? घेऊन गेली. पुढं तीन वर्षं बाराच इंच नेला त्यांनी.” शांतीबाईने काडी वाटीत बुडवली. “तेव्हापासून मी सांगते, वाचणारा पहिलं जे बघतो तेच धरून बसतो. म्हणून पुढं अक्षर. अक्षर बघितलं की तो थांबतो, ही खूण हाय म्हणून समजतो.”

नूतन ऐकत राहिली. कॉलेजात हा नियम तिने पाठ केला होता. परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. यंत्रही डावीकडून एकेक चिन्ह उचलत जातं, आणि पहिला आकडा दिसला की संख्या आली असं धरून चालतं, हे तिला माहीत होतं. पण पहिल्यांदाच तिला त्या नियमामागे एक मोठा पाट दिसला आणि त्यावरचा बारा इंचांचा गणपती.

“आणि ते राखीव शब्द काय म्हणालीस?” ठमाबाईने विचारलं.

“काही शब्द भाषेने स्वतःकडे ठेवलेत, आजी. ते डब्याला नाव म्हणून द्यायचे नाहीत.”

“हां. तसं मी आमच्या धन्याचं नाव कधी घेतलं नाय. चाळीस वर्षं संसार केला.”

“म्हणून ती मला हाक मारत नाय,” आतून मोरू ओरडला. “तिचा मालक मोरेश्वर, म्हणजे माझं नाव त्याने आधीच घेतलेलं. मला म्हणते, ‘अरे ए, घेतलेला’!”

“काय म्हणू मग? नाव घेतलं नाय म्हणून तू काय कमी झालास? ढेरी बघ.”

सगळे हसले. नूतनही हसली, पण घड्याळ साडेतीनवर आलं होतं. चार नावं अजून अंधारातच होती.

“तुझ्या त्या यंत्राला आमची खूण घालून बघ बरं,” शांतीबाई म्हणाली. “ग१२. पास करतं का बघू.”

“नाही करणार, आई. त्याला इंग्रजीच लागतं.”

“कोण म्हणालं?”

“असंच असतं ते.”

“विचारलंस त्याला?”

नूतनने विचारलं नव्हतं. कॉलेजात पहिल्याच दिवशी सरांनी सांगितलं होतं, नावं इंग्रजीत द्यायची. सगळ्यांनी दिली. पनवेलला सगळे देत होते. परीक्षेच्या प्रश्नात फक्त ‘अक्षर’ एवढंच लिहिलं होतं. कुठल्या लिपीचं ते लिहिलं नव्हतं. ए ते झेड हे तिने आपल्या मनाने घातलं होतं, न विचारता, घरात पाय धुऊन यावं इतक्या सवयीने.

आईचं मन मोडू नये म्हणून तिने कीबोर्ड मराठीवर आणला. आधी आपल्या तपासनिसाला विचारलं. तो म्हणाला, चालत नाही. “बघ,” ती म्हणाली. मग, का कोण जाणे, तिने तपासनीस बाजूला ठेवला आणि थेट भाषेलाच विचारलं. ग१२ नावाचा डबा केला. त्यात ‘काळुरामचा पाट’ एवढे शब्द ठेवले. आणि डब्यात काय आहे ते दाखव म्हणाली.

पडद्यावर ओळ उमटली: काळुरामचा पाट.

नूतन पडद्याजवळ सरकली. तिने पुन्हा केलं. पुन्हा तेच. मग आकडा आधी घालून पाहिला, १२ग. भाषेने तिथल्या तिथे लाल खूण मारली.

“काय झालं?” शांतीबाईने विचारलं.

“तुझी खूण चालते, आई. मोरूकाकांची नाही चालत.”

“त्यालाही कळलं!” ठमाबाई टाळी वाजवणार होती, पण झोळीकडे बघून थांबली.

भाषेला मराठी चालत होती. कधीपासून कोण जाणे, पण चालत होती. नाही म्हणत होती ती नूतन. तिने स्वतःच्या हाताने दाराशी पहारेकरी बसवला होता, आणि तो तिच्याच घरच्या माणसांना परत पाठवत होता. चार नावं. कुठल्या लिपीतली असतील? मराठी असेलच असं नाही, कुठलीही असेल. तिला एकदम त्या दोन फोनची आठवण झाली, जे परत आलेच नाहीत. त्यातल्या एका ठिकाणी तर तिने स्वतःहून पुन्हा फोन करून विचारलंही नव्हतं. जमणार नाही, असं तिचं तिनेच ठरवून टाकलं होतं.

पण हे मनात घोळवायला वेळ नव्हता. पावणेचार. ए ते झेड काढून तिने लिहिलं, कुठल्याही लिपीतलं अक्षर चालेल, कुठल्याही लिपीतला आकडा चालेल. ग१२ घातलं. चालतं. ड४ चालतं. ख९ चालतं.

“आता गागोद्याची घाल,” शांतीबाई म्हणाली. तिला आता रंग चढला होता.

“तीही ‘ग’च ना?”

“अशी कशी? ग तर गडबचा. दोन गावांना एक खूण दिली तर पाट भांडतील. गागोद्याला मी काना देते. गा७.”

नूतनने गा७ लिहिलं. तपासनीस म्हणाला, चालत नाही.

ती चकित होऊन बघत राहिली. थेट भाषेला विचारलं, तर भाषा म्हणाली चालतं. म्हणजे चूक पुन्हा तिचीच. काय फरक होता? एक काना. तिने एकेक चिन्ह सुटं करून पाहिलं. यंत्राच्या लेखी प्रत्येक चिन्हाला एक प्रकार लावलेला असतो, हा अक्षर, हा अंक, हे विराम. ग अक्षर होतं. ७ अंक होता. काना यांतला कुणीच नव्हता. तो होता ‘अक्षराला जोडून येणारं चिन्ह’.

म्हणजे आत्ताच पाठवलं असतं, तर काना-मात्रा असलेलं प्रत्येक नाव परत गेलं असतं. शांती गेली असती. मुक्ता गेली असती. आपण दार उघडलं म्हणून समाधानाने बसले असते, तिच्या मनात आलं, आणि निम्मी माणसं अजून बाहेरच.

“नुसता काना लिहून चालेल काय गो तुझ्यात?” शांतीबाई विचारत होती. “पुढं अक्षर नसताना?”

“तू लिहितेस का कधी?”

“छे. काना एकटा उभा राहत नाय. त्याला टेकायला लागतं कोणीतरी.”

भाषेचंही तेच म्हणणं होतं. नूतनने नियम लिहिला: असं चिन्ह पहिलं येणार नाही, पण पुढे कुठेही येऊ शकेल. गा७ चालतं. शांती चालतं. मुक्ता लिहिताना मध्ये पाय मोडलेला क आला, त्याची धाकधूक होती, पण तोही त्याच प्रकारात निघाला आणि नाव सुखरूप पार झालं. मग तिने आठवेल ते घातलं. एका कन्नड मैत्रिणीचं नाव त्या लिपीत शोधून घातलं. पनवेलला शेजारच्या टेबलावर खुशनुमा बसायची, म्हसळ्याची, भाऊ कतारला. तिचं नाव उर्दूत कसं लिहितात ते मोबाइलवर शोधलं आणि घातलं. ते उजवीकडून डावीकडे धावत गेलं आणि तरीही पार झालं.

पाच वाजून दहा मिनिटांनी मुक्ता उठली. उठली ती दातांचा राग घेऊनच. ठमाबाईने झोळी हलवली, मोरूने साच्यावर काडी वाजवली, शांतीबाईने गाणं म्हटलं. काही उपाय चालेना. शेवटी नूतनने तिला छातीशी घेतलं आणि एका हाताने राहिलेलं पुरं करायला बसली. तिला तर आता सगळं एका हाताने येत होतं.

सगळ्यात शेवटी एक रकाना होता: ‘तपासण्यासाठी तुम्ही स्वतः कोणती नावं वापरली?’ शुक्रवारी तिने तो रिकामा सोडला होता. आता तिला एक मोह झाला. प्रोग्रॅमच्या आतली आपली नावंही मराठीत करून टाकावीत, चालतातच तर. एकाला ‘खूण’ म्हणावं.

“आई, मी आतली नावं मराठीत लिहिली तर?”

शांतीबाईने विचार केला. “ते वाचणार कोण?”

“कंपनीतले. कुठले कुठले असतील.”

“मग त्यांना कळेल असं लिही. खूण आपल्याला कळून काय उपयोग? पाट उचलायला येईल त्याला कळली पायजे.”

नूतनने आतली नावं तशीच ठेवली. पण रकान्यात लिहिलं: ग१२, गा७, १२ग. आणि खाली एक ओळ, पहिली दोन चालतात, तिसरं चालत नाही, तिन्ही आमच्या पेणच्या कारखान्यातल्या खुणा आहेत. लिहून झाल्यावर तिला वाटलं, हसतील. खोडायला बोट गेलं. मुक्ताने तेवढ्यात दूध सोडून मान वळवली आणि पडद्याकडे बघितलं, जणू तिला विचारल्याशिवाय काही खोडायचं नव्हतं. सहाला वीस मिनिटं होती. नूतनने ती ओळ तशीच राहू दिली आणि पाठवून दिलं.

निकाल आला नाही. ‘दोन दिवसांत कळवू,’ एवढंच आलं.

“पास?” शांतीबाईने विचारलं.

“कळवतील.”

“म्हंजे काय गावलं नाय अजून?” ठमाबाई म्हणाली. “मग एवढा वेळ पोरीला मी कशाला झुलवली?”

“पाट तर झाले की वीस,” मोरू म्हणाला.

“तू गप रे, घेतलेल्या.”

मंगळवारी दुपारी रोह्याला, दीड वाजता, मुक्ता नुकती डोळे मिटत होती तेव्हा फोन वाजला. अनोळखी नंबर. नूतनने दचकून उचलला आणि ओटीवर आली. आत सासूबाई वाल सोलत होत्या. त्यांचे हात थांबलेले तिला दारातून दिसले.

“नूतन बोलताय ना? मी वैशाली, पुण्याहून. तुमची चाचणी मी तपासली.” आवाज घाईतला होता, मागे कुठेतरी कप वाजत होते. “चाळीसच्या चाळीस आहेत. मुलाखत शुक्रवारी ठेवू या का? दुपारी चालेल?”

“दीड ते तीन चालेल,” नूतन म्हणाली. मग तिने श्वास घेतला आणि ज्याची भीती होती ते स्वतःच काढलं, “माझी मधली दोन वर्षं...”

“ते शुक्रवारी बोलू. मला आत्ता वेगळंच विचारायचंय. बऱ्याच जणांचे छत्तीसवर अडकले, तुमचेही पहिल्यांदा छत्तीसच होते. मग एकदम चाळीस.” पलीकडे कीबोर्डची टकटक झाली. “आणि हे तुम्ही खाली लिहिलंय ना, गा७. कारखान्यातली खूण म्हणता. हे नेमकं काय आहे? दोन मिनिटं असतील तर सांगा.”

नूतन ओटीच्या पायरीवर बसली. आत सासूबाई उठल्याचं तिला ऐकू आलं, मग पलंग कुरकुरला आणि मुक्ताच्या पाठीवर त्यांचा जड हात पडायला लागला, थप, थप, थप.

“आहेत ना,” ती म्हणाली. “आमच्याकडे गणपतीच्या आधी घरचा पाट नेऊन देतात. आता कल्पना करा, पडवीत दोनशे पाट, सगळे सारखे...”